किताक्यूशूचे आकाश आणि बीरगावच्या कुरडया

जपानला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा लगेच विचारतो, "टोकियो कसे आहे? क्योटोची मंदिरे पाहिलीत का?" मी यांपैकी काहीच पाहिलेले नाही. मी पाहिलेले जपानमधले पहिले मोठे शहर किताक्यूशू. पर्यटकांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच असते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना, औद्योगिक शहरांतील प्रदूषण नियंत्रणाच्या एका प्रशिक्षणासाठी मला तिथे दोन आठवडे राहण्याची संधी मिळाली. त्या दोन आठवड्यांविषयी लिहावे असे अनेक दिवस मनात होते. पण लिहायला बसलो की सुरुवात जपानपासून होत नाही, ती रायपूरजवळच्या बीरगावपासून होते.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी ओलांडताच बीरगाव येते. एके काळचे हे खेडे. शेजारी उरला आणि पुढे सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली आणि खेड्याचे कामगारांचे शहर झाले. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या लाखाच्या जवळपास पोहोचली होती. आज तिथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. छत्तीसगडी, उडिया, बिहारी, तेलुगू कुटुंबांबरोबर गोंदिया-भंडारा भागातून आलेली मराठी कुटुंबेही इथे राहतात. रायपूरचे मराठीपण म्हटले की आपल्याला भोसल्यांची राजवट, माधवराव सप्रे किंवा १९३५ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आठवते. रोलिंग मिलमध्ये पाळीवर जाणारा मराठी माणूस त्या चित्रात सहसा नसतो.

या भागातील मुख्य उद्योग पोलादाचा, आणि त्यातही स्पाँज आयर्नचा. लोहखनिज आणि कोळसा एका लांबलचक फिरत्या भट्टीत तापवून हे लोखंड तयार होते. निघणाऱ्या धुरातली धूळ पकडण्यासाठी विजेवर चालणारे यंत्र असते. ते चालू असेल तर धुराडे जवळजवळ स्वच्छ दिसते. पण ते चालवायला वीज लागते आणि विजेला पैसे लागतात. रात्री यंत्र बंद होते आणि सकाळी गच्ची काळी होते, असे वस्तीत सर्वत्र बोलले जाई.

२००९ च्या मे महिन्यात मी रायपूरमध्ये उद्योगांशी संबंध येणाऱ्या एका कार्यालयात अधिकारी होतो. एका दुपारी शिपायाने एका बाईंना आत पाठवले. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात वर्तमानपत्राची पुडी. दारावरच्या पाटीवर मराठी आडनाव वाचून त्या आल्या होत्या. मी "बसा काकू" म्हटले, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी पुडी टेबलावर उघडली. आत कुरडया होत्या. गव्हाच्या चिकाच्या पांढऱ्याशुभ्र असायला हव्यात अशा त्या कुरडयांवर काळ्या भुकटीचा थर बसला होता आणि वाळताना तो आतपर्यंत मुरला होता.

"पाहा ना जी साहेब," त्या म्हणाल्या, "लुगडं काळं झालं तं धुवून घेता येते. कुरडई कशी धुवाची?"

मी अर्ज मागितला. त्यांनी मुलाकडून हिंदीत लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यावर सही नव्हती, नाव नव्हते, पत्ताही नव्हता. मी त्याकडे बोट दाखवताच त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घरचे तिथंच कामाले हायेत. नाव लिवलं तं उद्या गेटच्या बाहेर."

मी त्यांना पाहतो, करतो असे सांगितले. अर्ज आवक नोंदवहीत चढला. निनावी अर्जावर कारवाई करू नये असा सर्वसाधारण संकेत कार्यालयांत असतो आणि त्याला कारणेही आहेत, कारण निनावी पत्रांतून वैर साधणारे पुष्कळ असतात. त्या संकेतानुसार मी तीन शब्दांचा शेरा मारला. त्या भागातील कार्यालयीन हिंदीत त्यासाठी एक नेटका शब्द आहे, 'नस्तीबद्ध'. आपल्याकडे त्याला 'दप्तरी दाखल' म्हणतात. शिपायाने विचारले, "साहब, इस पुड़िया का क्या करें?" नोंदवहीत सहपत्रांचा रकाना होता, पण त्यात कुरडया कशा लिहायच्या ते ना त्याला ठाऊक होते ना मला. पुडी दोन दिवस कपाटावर राहिली, नंतर दिसली नाही.

कोणताही नियम मोडला गेला नव्हता. म्हणूनच कदाचित ही गोष्ट मी सात वर्षे विसरून जाऊ शकलो.

किताक्यूशूला मी दिल्लीहून हाँगकाँगमार्गे फुकुओका आणि तिथून शिंकान्सेन गाडीने गेलो. हाकाता स्थानकातून निघालेली गाडी पंधरा-सोळा मिनिटांत कोकुराला पोहोचते. आपल्याकडे एवढ्या वेळात रायपूरची गाडी जेमतेम शहराबाहेर पडते. कोकुराच्या स्थानकात मोनोरेल थेट इमारतीच्या पोटातून बाहेर येते. ते पाहत मी प्रथमच परदेशी आलेल्या माणसासारखा मान वर करून उभा राहिलो. पण खरा धक्का दुसऱ्या सकाळी बसला. खोलीची खिडकी उघडून, उरला-सिलतऱ्याच्या फेऱ्यांमुळे लागलेल्या सवयीने, मी बाहेरच्या चौकटीवरून बोट फिरवले. दूरवर पोलाद कारखान्याची धुराडी दिसत होती आणि माझे बोट स्वच्छ होते.

किताक्यूशू हे तसे तरुण शहर. १० फेब्रुवारी १९६३ रोजी मोजी, कोकुरा, तोबाता, याहाता आणि वाकामात्सु ही पाच शहरे एकत्र करून ते बनवले गेले. पण त्याची कीर्ती जुनी आहे. याहाता येथे जपान सरकारचा पोलाद कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. हिगाशिदा येथे जतन केलेल्या झोतभट्टीवर आजही '१९०१' हा आकडा मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. त्या काळी धूर ही लाजेची नव्हे, अभिमानाची गोष्ट होती. याहाताच्या नगरगीतात आकाश भरून टाकणाऱ्या धुराचा गौरव होता आणि इथल्या 'सप्तरंगी धुराची' लोक प्रौढी मिरवीत. धूर म्हणजे काम आणि काम म्हणजे घरात भात. बीरगावमध्येही मी हेच ऐकले होते, भाषा तेवढी वेगळी.

आमचे बरेचसे वर्ग हिगाशिदा भागातच होत आणि एक दिवस तिथल्या पर्यावरण संग्रहालयात गेला. तिथे समजलेले काही आकडे मी वहीत उतरवून घेतले. याहाताच्या शिरोयामा वस्तीत १९६५ मध्ये दर चौरस किलोमीटरला महिन्याला सरासरी ८० टन धूळ पडत होती. जपानमधला तो उच्चांक होता. हा आकडा नुसता ऐकून काही बोध होत नाही, म्हणून मी हिशेब केला. चौरस मीटरला महिन्याला ८० ग्रॅम. म्हणजे दहा चौरस मीटरच्या लहानशा अंगणात पाऊण किलोहून जास्त. दोकाईच्या खाडीला लोक 'मृत समुद्र' म्हणत. १९६९ च्या तपासणीत तिथल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू शून्य आढळला होता.

आणि मग एका भिंतीवर चादरी वाळत घालणाऱ्या स्त्रियांची हकिकत मांडलेली होती.

१९५० च्या सुमारास तोबाता भागातील स्त्रियांच्या मंडळाने जवळच्या विद्युतकेंद्राच्या धुराविरुद्ध प्रथम आवाज उठवला. त्यांच्यापाशी ना उपकरणे होती ना पदव्या. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी चादरी आणि सदरे वाळत घातले, ते किती काळे पडतात याची तुलना केली आणि तो पुरावा घेऊन त्या नगरपालिकेकडे गेल्या. पाठपुराव्यानंतर त्या केंद्राला धूळ पकडणारी यंत्रे बसवावी लागली. १९६० च्या दशकात त्यांचे काम वाढले. त्यांनी धुळीची मोजमापे घेतली, शाळेतल्या मुलांची गैरहजेरी आणि हवेची स्थिती यांचा संबंध तपासला, विद्यापीठातल्या तज्ज्ञांची मदत घेतली आणि १९६५ मध्ये आठ मिलिमीटरच्या फिल्मवर स्वतःच एक माहितीपट तयार केला. त्याचे नाव 'आम्हाला निळे आकाश हवे'.

मी तिथे बराच वेळ थांबलो. टेबलावरची ती पुडी मला सात वर्षांनी प्रथमच आठवली. काकूंनी जे केले होते तेच या बायकांनी केले होते. मग एका ठिकाणी त्याचा कायदा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी नस्ती, असे का?

माझ्या मनात आलेले पहिले उत्तर सोपे होते. जपानी माणूस शिस्तीचा आणि निर्भय, आपला माणूस घाबरट. पण हे उत्तर टिकले नाही. त्या दिवशी आमच्याबरोबर असलेल्या, शहराच्या सेवेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध अधिकाऱ्याला मी दुभाष्यामार्फत विचारले की या बायकांचे नवरे कुठे काम करीत? तो हसला आणि म्हणाला, "कारखान्यात. आणखी कुठे करणार?" म्हणजे भीती तीच होती. नवऱ्याची नोकरी, कंपनीचे घर, शेजाऱ्यांचा रोष, सारे तेच.

फरक दोन गोष्टींचा होता. पहिली गोष्ट, तिथे कोणा एका बाईने सही केली नाही, मंडळाने केली. वस्तीतल्या बहुतेक घरांतल्या स्त्रिया ज्या मंडळात आहेत, त्यातल्या कोणाच्या नवऱ्याला गेटबाहेर काढणार? दुसरी गोष्ट मला अधिक लागली. त्या बायकांना मोजायला कसे शिकायचे, नोंदी कशा ठेवायच्या, हे दाखवणाऱ्यांत एक सरकारी नोकर होता. हायाशी एइदाई हे तोबाता येथे समाजशिक्षण विभागात काम करीत. बायकांनी मागितलेले शिक्षण देणे हे त्यांच्या कामाच्या व्याख्येत बसत होते आणि त्यांनी ती व्याख्या प्रामाणिकपणे घेतली. पुढे नोकरी सोडून ते लेखक झाले आणि २०१७ मध्ये वारले. मीही सरकारी नोकर होतो. माझ्यापुढेही पुरावा आला होता. मी त्याला तक्रार समजलो आणि तक्रारीला सही लागते.

पुढे नगरपालिकेने जे केले ते आपल्या प्रशासनाने तपशिलात पाहण्यासारखे आहे. प्रथम, मोजमाप शहराने आपल्या हातात घेतले. ठिकठिकाणच्या केंद्रांतून हवेचे आकडे एका नियंत्रण कक्षात येऊ लागले आणि हवा बिघडली की कारखान्यांना इंधन बदलण्याची किंवा काम कमी करण्याची सूचना जाऊ लागली. दुसरे, राष्ट्रीय कायद्याची वाट पाहत न बसता १९७० च्या दशकाच्या आरंभी शहराने पन्नासहून अधिक कारखान्यांशी करार केले. त्यांतल्या मर्यादा राष्ट्रीय मर्यादांहून कडक होत्या. तिसरे, खर्च कोणी करायचा हे ठरवले. दोकाईच्या तळाशी साचलेला पारायुक्त गाळ १९७४-७५ मध्ये उपसला गेला, सुमारे साडेतीन लाख घनमीटर. त्याच्या खर्चापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कारखान्यांनी उचलला. आज त्या खाडीत शंभराहून अधिक जातींचे मासे आढळतात. मी वाकामात्सुहून तोबाताला लहान होडीने खाडी ओलांडली. वर लाल वाकातो पूल आणि खाली धक्क्यावर गळ टाकून बसलेले दोन म्हातारे. त्यांच्या बादलीत मासे होते.

पण वाचकांसमोर एकाच बाजूचे चित्र ठेवणे योग्य होणार नाही. याच क्यूशू बेटावर मिनामाता आहे. तिथला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, आणि त्याचे कारण कारखान्याचे सांडपाणी आहे हे सरकारने मान्य करायला १९६८ साल उजाडले. बारा वर्षे! म्हणजे जपानी प्रशासनालाही नस्तीबद्ध करता येते, आणि त्याची किंमत लोकांनी जिवाने मोजली. तसेच किताक्यूशूचे आकाश केवळ सद्गुणांनी निवळले नाही. तेल महागले, कोळसा आणि जड तेलाच्या जागी स्वच्छ इंधन आले, पोलादाचा धंदा आक्रसला. दहा लाखांवर गेलेली लोकसंख्या आता नऊ लाखांच्या आसपास आली आहे आणि संध्याकाळी कित्येक बाजारगल्ल्यांत बंद दुकानांच्या रांगा दिसतात. बीरगावच्या कामगाराला कोणी सांगितले की निळे आकाश मिळेल पण काम जाईल, तर तो काय निवडील हे मला ठाऊक आहे. मात्र ज्या वर्षांत तो गाळ उपसला गेला आणि ती यंत्रे बसली, त्या वर्षांत तिथे पोलाद बनतच होते. काम आणि हवा यांतून एकच निवडावे लागते हे खरे नाही, एवढे तरी त्या शहराने दाखवले आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी कोकुराच्या बागेत गेलो होतो. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला अणुबाँब मुळात कोकुरासाठी होता. विमान शहरावर आले, पण खाली काही दिसेना. ढग होते की आदल्या दिवशी याहातावर झालेल्या हल्ल्याच्या आगींचा धूर, यावर अजून मतभेद आहेत. तीन घिरट्या घालून विमान नागासाकीकडे वळले. त्या बागेत नागासाकीच्या स्मृतीची घंटा आहे. एका धुराने कदाचित ज्यांना वाचवले, त्यांनीच पुढे धुराविरुद्ध वीस वर्षे झगडा केला, हे मनात घेऊन मी परतलो.

भारतात आल्यावर मी जुनी नस्ती शोधली. ती मुदतीनंतर नष्ट केलेल्या कागदांत गेली होती, तेही नियमानुसारच. बीरगावात चौकशी करता करता काकूंच्या जुन्या घराचा पत्ता लागला. काकांची नोकरी संपल्यावर दोघे गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले होते.

निवृत्तीनंतर, वस्तीतले एक मराठी शिक्षक आणि तिथल्या महिला बचतगटाच्या बायका यांना मी तोबाताची गोष्ट सांगितली. आता काही गच्च्यांवर स्टीलची थाळी ठेवलेली असते. दर रविवारी थाळीतली धूळ ब्रशने गोळा करून सोनाराच्या काट्यावर तोलतात आणि वहीत लिहितात. वहीत घरमालकाचे नाव नसते, गच्चीचा क्रमांक असतो. पत्र गटाच्या शिक्क्याने जाते. हे प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे आणि न्यायालयात ते टिकणारही नाही, याची आम्हाला कल्पना आहे. परंतु तारखांसह आकडे पाहिल्यावर एकदा रात्रीची पाहणी झाली. 'आपला अर्ज प्राप्त झाला' याच्या पलीकडचे उत्तर बायकांना प्रथमच मिळाले. गच्च्यांवर कुरडया घालण्याइतकी हवा अजून स्वच्छ नाही. त्या घरात पंख्याखाली वाळतात किंवा माहेरून येतात.

सेवेत असलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. हवा आणि पाणी यांचे कायदे आपल्याकडे १९७४, १९८१ आणि १९८६ पासून आहेत. त्यांची कमतरता नाही. कमतरता आहे ती भ्यालेल्या माणसाकडून पुरावा स्वीकारण्याच्या रीतीची. निनावी अर्जावर माणसाला शिक्षा करू नये, हे मान्य. पण निनावी अर्जावरून हवा मोजायला कोणता नियम आड येतो? आरोप सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकण्याऐवजी आपण स्वतः जाऊन एकदा गच्चीवरून बोट फिरवले, तर अर्जदाराच्या नावाची गरजच उरत नाही. हे मला २००९ मध्येच सुचायला हवे होते. त्यासाठी जपानपर्यंत जाण्याची आवश्यकता नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात शिक्षकांनी काकूंचा फोन जुळवून दिला. मी ओळख सांगितली, पुडीची आठवण दिली, झाले ते सारे सांगितले आणि क्षमा मागितली. क्षमेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. वहीबद्दल मात्र त्यांनी खोदून खोदून विचारले. शेवटी म्हणाल्या, "आता तं यांची नोकरी सरली जी. आता लिवा माझं नाव."

वहीचे पहिले पान कोरे सोडलेले होते. तिथे मी त्यांचे नाव लिहिले आहे, आणि पुढे: मे २००९, सहपत्र एक, कुरडयांची पुडी.